घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट टाकून १० महिने झाले : खरा खर्च किती आला आणि अनुभव

गेल्या नोव्हेंबरात सासूबाईंच्या खोलीत वॉल टू वॉल कार्पेट टाकून घेतलं. आता सप्टेंबर चालू आहे, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्याने काढलाय. घ्यायच्या आधी मी पुण्यात बरीच फिरले, पण जो तो फक्त फुटाचा रेट सांगायचा, घरात बसून पूर्ण होईपर्यंत किती पडतं ते कोणी धड सांगेना. माझा ठरवलेला खर्च आणि प्रत्यक्षातला खर्च यात जवळजवळ दुपटीचा फरक पडला, म्हणून सगळे आकडे इथे लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी कार्पेट कशासाठी ते सांगते. आमची कर्वेनगरची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला आणि खाली मोझॅक टाइल. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. जानेवारीत पहाटे ती फरशी इतकी गार पडते की मोजे घालूनसुद्धा त्यांचे पाय दुखायचे, आणि मोजे घातले की घसरायची भीती. आधी सतरंजी टाकून बघितली, तर वॉकरचा पाय सतरंजीच्या कडेत अडकला आणि त्या पडता पडता वाचल्या, मी शेजारीच होते म्हणून. त्या दिवशी ठरवलं की काहीही टाकायचं तर त्याला मधे कुठे कड नको.

खोली १० बाय साडेबारा, म्हणजे १२५ चौरस फूट (दुकानात नुसतं फूट म्हणतात). पहिल्या दुकानात ९५ रुपये फूट सांगितलं, मी मनात ११,८७५ धरून घरी आले. दुसऱ्या दिवशी माप घ्यायला माणूस आला आणि त्याने १५३ फुटाचं बिल काढलं, वर वेस्टेज म्हणून आणखी १० टक्के. मी म्हटलं अहो खोली तर १२५ फूट आहे, तर म्हणे मॅडम रोल असाच येतो. ते अर्धं खरं होतं. त्यांचा रोल १२ फुटी, माझी खोली साडेबारा, म्हणून रोल लांबीत सोडून रुंदीतली दोन फुटांची पट्टी सरळ कापून जाणार, आणि ती व कडा छाटायचे ३ इंच धरूनच १५३ झालेले. मग वरचे १० टक्के कशाचे? याचं उत्तर मिळालं नाही, मी तिथून घेतलं नाही.

दुसरीकडे ४ मीटर रुंदीचा रोल मिळाला, म्हणजे १३ फूट १ इंच. आता माझी साडेबारा फुटांची बाजू रोलच्या रुंदीत बसली आणि लांबी फक्त १० फूट ३ इंच कापावी लागली, ते ३ इंच कडा छाटायला. एकूण १३४ फूट. रेट १०५, म्हणजे फुटामागे १० रुपये जास्त, पण बिल १४,०७० झालं आणि पहिल्याचं वेस्टेज न धरतासुद्धा १४,५३५ होत होतं. त्यामुळे दुकानात रेट विचारायच्या आधी रोलची रुंदी विचारा, घरून खोलीचं माप इंचात घेऊन जा आणि दोन्ही दिशांनी गणित करून बघा, खरे पैसे तिथेच वाचतात. घासाघीस करून मला फुटामागे २ रुपयेसुद्धा कमी झाले नव्हते.

आता वरचा खर्च. खालचा फोम ३,५००, फिटिंग २,०१०, कडेच्या काट्यांच्या पट्ट्या ८४०, दारातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ३५०, टेम्पो ७००, सुतार ८००, हमाल १,१००. कार्पेट धरून सगळे मिळून २३,३७०. रेट जीएसटी धरून होता, पण हे तोंडी न ठेवता कोटेशनवर लिहून घ्या.

सुताराचं कोणीच आधी सांगत नाही. कार्पेट ६ मिलीमीटर आणि फोम ६, म्हणजे १२ मिलीमीटर जमीन वर आली आणि आमच्या दाराखालची फट होती ८. खोलीचं दार आणि गॅलरीचं दार दोन्ही आत उघडतात, दोन्ही बिजागरीतून काढून खालून रंधा मारावा लागला. हे कार्पेट यायच्या आधी करून घ्या, आमच्याकडे नंतर केलं आणि लाकडाचा भुसा नव्या कार्पेटच्या धाग्यात जाऊन बसला, तो हाताने वेचायला माझे दोन दिवस गेले.

हमालांचे ६०० गोदरेजचं कपाट आणि पलंग बाहेर काढून परत लावायचे, आणि ५०० रोल वर चढवायचे. १३ फुटांची गुंडाळी आमच्या जिन्यात वळेचना. दुमडून नेऊ म्हणाले, पण फिटरदादांनी हात जोडून सांगितलं की दुमडू नका, घडी पडली तर ती निघायला महिने लागतात. मग दोन टोकांना दोर बांधून गॅलरीतून वर ओढली, खाली एकजण भिंतीला घासू नये म्हणून काठीने ढकलत होता आणि समोरच्या बिल्डिंगमधले सगळे खिडकीत.

फिटरदादांचं काम मात्र बघत राहावं असं होतं. मोझॅकला खिळे मारले तर टाइल तडकेल म्हणून त्यांनी भिंतीलगत त्या लाकडी पट्ट्या चिकटवल्या, त्याला ग्रिपर म्हणतात, त्यावर तिरके बारीक काटे असतात. रात्रभर सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी कार्पेट पसरून एक हत्यार घेतलं, पुढे दात आणि मागे गादी, त्या गादीवर गुडघ्याने ठोसे मारत कार्पेट ताणत भिंतीपर्यंत नेलं आणि काट्यांवर अडकवलं. आजपर्यंत कुठेही फुगा आलेला नाही. पूर्ण जमिनीला गोंद लावून चिकटवून देतो असं एकजण कमी पैशात म्हणाला होता, मी नको म्हटलं ते फार बरं झालं, कारण पावसाळ्यात मला एक कोपरा उचलावा लागला.

माल पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा आहे, आखूड लूपवाला, म्हणजे धागा वर न कापता बारीक वेटोळ्यांसारखा ठेवलेला. नायलॉन १६० ला होतं, दाबलं तरी परत उभं राहतं, वर्दळीच्या जागी तेच घ्यावं. लोकरीचं महाग आणि कसर लागायची काळजी. दुकानदार सारखा जाड मऊ कार्पेट दाखवत होता, वयस्कर माणसांना गुबगुबीत बरं म्हणून. वॉकर वापरणाऱ्यांसाठी असं घेऊ नका, वॉकरचे पाय त्यात रुततात आणि माणूस डगमगतो. आखूड धागा आणि खाली दाबून न बसणारा घट्ट फोम घ्या. सॅम्पल हातात घेऊन उलटं वाकवायचं, धाग्यांमधून खालची जाळी दिसली तर वीण विरळ आहे, ठेवून द्यायचं.

दहा महिन्यांत पलंगापासून बाथरूमपर्यंत वाट पडलीये, धागा तेवढ्या भागात बसलाय, उजेड तिरका आला की दिसतं. एकदा अर्धा कप चहा सांडला, मी न घासता जुन्या सुती पंच्याने दाबून दाबून टिपला, मग गार पाण्याचा बोळा, डाग गेला. गुडघ्याला लावायच्या तेलाचा डाग मात्र भांड्याच्या साबणाने फिका झाला, गेला नाही.

व्हॅक्यूम क्लीनर आमच्याकडे नव्हता, तो ६,५०० चा घ्यावा लागला, हा खर्च मी वरच्या आकड्यात धरलेला नाही. झाडूने होत नाही, मावशींनी पंधरा दिवस प्रयत्न केला, वरवर स्वच्छ दिसायचं आणि पाय आपटला की धूळ उडायची. एप्रिल-मेमध्ये तर एक दिवसाआड फिरवावा लागतो.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली. जुलैत सलग पाऊस लागला आणि बाथरूमच्या दारापाशी कुबट वास यायला लागला. कार्पेट हाताला कोरडं. कोपरा उचलला तर खालचा फोम ओल्या स्पंजसारखा, दाबला की पाणी, आणि कडेने काळी बुरशी. सासूबाई ओल्या पायांनी बाहेर येतात, रोजचं ते पाणी खाली झिरपून साठत होतं आणि त्या हवेत वाळायला वावच नव्हता. ही चूक माझी. तिथे कार्पेट टाकायलाच नको होतं. शेवटी फिटरदादांना परत बोलावून दारापुढचा ३ बाय २ चा तुकडा कापून काढला, कडेला सपाट अ‍ॅल्युमिनियम पट्टी बसवली, उघड्या फरशीवर रबरी मॅट पूर्ण चिकटवून टाकली, १,४०० गेले. शेजारची कड बुरशीने गेली होती, ती मूळ रोलमधून उरलेल्या ७ इंची पट्टीतून सांधली. उरलेले तुकडे फिटरला घेऊन जाऊ देऊ नका, तुम्ही त्याचेही पैसे भरलेले असतात.

५० सेंटिमीटरच्या चौकोनी कार्पेट टाइल्स पण मिळतात, भिजलेली तेवढी उचलून बदलता येते. या खोलीला नुसत्या क्षेत्रफळानेच ४७ लागल्या असत्या. तेव्हा ऑफिससारख्या दिसतात म्हणून मी नाही म्हटलं, आज परत टाकायचं असतं तर त्याच घेतल्या असत्या.

पण टाकलं याचं वाईट अजिबात वाटत नाही. गेल्या थंडीत सासूबाई रात्री उठायच्या तेव्हा मला हाक मारायच्या नाहीत, आपल्या आपण जाऊन यायच्या. वॉकरचा टकटक आवाज बंद झाल्यामुळे खालच्या काकूंची झोपमोड पण थांबली, त्यांनी स्वतः वर येऊन सांगितलं.

परवा सासूबाई म्हणाल्या हॉलमध्ये पण टाकूया गं. मी टेप घेऊन माप काढलं, ११ बाय १७. चार मीटरच्या रोलमध्ये २२६ फूट घ्यावं लागेल, खोली १८७ ची, म्हणजे ३९ फुटांचे चार हजार रुपये कापून फेकायचे. त्यांना आकडा सांगितला, तर म्हणाल्या राहू दे, मी माझ्या खोलीतच बसते, तूच चहा घेऊन इकडे येत जा.