रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

घरात सात-आठ वर्षांचा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असतो. चालू केला की चार-पाच मिनिटं नुसतं चक्र फिरत राहतं. टाकून द्यायला जीव होत नाही. दुकानात विचारावं तर एक जण म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो एसएसडी टाका. दोन्हींचा खर्च एकदम झेपणार नसेल तर आधी काय? माझं मत आधीच सांगते: आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर. याला अपवाद आहेत, पण कारण कळलं की अपवादही आपोआप कळतील.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क, मग ती फिरती हार्ड डिस्क असो की एसएसडी, म्हणजे कोठीची खोली. माल सगळा कोठीत, पण चिरणं-फोडणी देणं ओट्यावरच. वीज गेली की ओटा रिकामा होतो, कोठीतलं जागच्या जागी राहतं. ओटा अपुरा पडला की कॉम्प्युटर काही वस्तू परत कोठीत नेऊन ठेवतो आणि लागल्या की पुन्हा आणतो. म्हणजे रॅम कमी असली की हेलपाटे वाढतात. पण प्रत्येक हेलपाट्याला वेळ किती लागणार, हे कोठी ठरवते.

रॅममधून माहिती मिळायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, एसएसडीमधून 0.1 मिलिसेकंद आणि हार्ड डिस्कमधून 10 मिलिसेकंदांच्या आसपास. या आकड्यांनी डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून मोठे करून पाहू. ओट्यावरची वस्तू उचलायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीमधून आणायला सतरा मिनिटं होतात आणि हार्ड डिस्कमधून आणायला एक अख्खा दिवस उलटून वर चार तास जातात.

हार्ड डिस्क इतकी मागे का पडली, याचं उत्तर तिच्या इतिहासात आहे. आयबीएमने 1956 मध्ये रॅमॅक नावाचं यंत्र आणलं. त्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या एका दांड्यावर फिरत आणि मावत किती, तर 50 लाख अक्षरं, म्हणजे आजच्या भाषेत जेमतेम 5 एमबी. हवी ती माहिती गाठायला सुमारे 600 मिलिसेकंद लागत. आज 1 टीबीची डिस्क तळहातावर मावते. साठवण दोन लाख पट वाढली, पण माहिती गाठण्याचा वेग वाढला जेमतेम साठ पट. कारण तबकडी अजून फिरावीच लागते आणि माहिती वाचणाऱ्या हेडचा दांडा अजून सरकावाच लागतो. मिनिटाला 5400 फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी 11 मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावंच लागतं. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, फक्त फ्लॅश मेमरीच्या चिप असतात.

रॅमची गोष्ट वेगळी. तिच्यात हलणारं काही नसल्यामुळे तिला ही अडचण आलीच नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर 1960 मध्ये कामाला लागला. त्याची मेमरी तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि तिच्यात 40 बिटांचे 2048 शब्द मावत. हिशेब केला तर 10 केबी. आज 8 जीबीची एक पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून जास्त धरते. टिफ्रॅकची आठवण काढली की मला तरी त्या पट्टीला हात लावताना जपावंसं वाटतं.

माझ्या आत्याच्या डेस्कटॉपवर मी हे दोन्ही करून पाहिलं. 4 जीबी रॅम, फिरती डिस्क. आधी रॅम 8 केली. ब्राउझर जरा मोकळा झाला, एकदा उघडलेला प्रोग्राम दुसऱ्यांदा पटकन उघडायला लागला, पण चालू करून चहा टाकला की चहा गाळून होईपर्यंत तो तयार नसे. मग एसएसडी बसवली. बटण दाबून आत्या चष्मा पुसायला लागली आणि चष्मा लावेपर्यंत पडद्यावर तिचं नेहमीचं चित्र आलेलं होतं. आधी एसएसडी टाकली असती तर कदाचित रॅमची घाई झालीच नसती, कारण हेलपाटे तेच राहिले तरी आता ते झटपट होत होते.

आता अपवाद. आत आधीच एसएसडी असेल तर प्रश्नच नाही, रॅम घ्या. एका वेळी तीस टॅब, वर मोठी एक्सेल फाइल किंवा व्हिडिओचं संपादन असं काम असेल आणि रॅम 4 जीबी असेल, तर एसएसडीवर थांबून भागणार नाही. विंडोज 32 बिट असेल तर मात्र 4 जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही, तो खर्च वाया. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तुलना बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

स्वतः पाहायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीचं काम सुरू ठेवून परफॉर्मन्समध्ये बघा. मेमरी अर्धी रिकामी आणि डिस्क 100 टक्क्यांना चिकटलेली दिसली, तर निकाल एसएसडीच्या बाजूने लागला. मेमरीच नव्वदीच्या वर असेल तर रॅमचं पारडं जड. किती स्लॉट भरलेत, तेही तिथेच दिसतं.

पैशाच्या बाजूनेही एसएसडी उजवी ठरते. साटा जोडणीची 2.5 इंची एसएसडी उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. रॅमचं तसं नाही: जुन्या डीडीआर3 प्रकारची पट्टी त्यानंतरच्या डीडीआर4 च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाचेची जागाच वेगळी असते. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख दिलेली असते, तिथे वाढवायची सोय नसते. एम.2 ची, म्हणजे छोट्या पट्टीसारखी एसएसडी घेणार असाल तर स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमई या जास्त वेगवान जोडणीचा, हे आधी मॉडेल नंबरवरून तपासा. दोन्ही दिसायला जवळपास सारख्याच असतात.

फक्त एक गोष्ट हार्ड डिस्कच्या बाजूने बोलते. ती पुष्कळदा कुरकुरत, संथ होत जाते आणि सावध व्हायला वेळ देते. एसएसडी एखाद्या सकाळी दिसेनाशीच होऊ शकते आणि तिच्यातून पुसलेली फाइल परत मिळवणं फार अवघड असतं. म्हणून जुनी डिस्क धडधाकट असेल तर टाकू नका. डेस्कटॉपमध्ये ती फोटोंसाठी तशीच राहू द्या. लॅपटॉपमधून निघाली तर यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि दर महिन्याला नव्या एसएसडीतला बॅकअप तिच्यावर घेत जा.