मायक्रोरॅप्टरची रेझिन प्रतिकृती : पिसे अचूक, डिंक कच्चा

आमच्या पोफळीच्या बागेत उडता सरडा एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत गेलेला पाहून भाचीने विचारले, "मामा, डायनासोरही असे तरंगायचे का?" त्या प्रश्नापायी मे महिन्यात २,४०० रुपयांना मागवलेली मायक्रोरॅप्टर या डायनासोरची ही प्रतिकृती सावंतवाडीच्या घरी चार महिने राहिल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

चीनमधील लिआओनिंग प्रांतात सापडलेल्या, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या हातांप्रमाणेच पायांवरही लांब पिसे होती, हे जीवाश्मशास्त्रज्ञ शू शिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले. ही पिसे मांडीपाशी न संपता पावलाच्या लांब हाडांपर्यंत उतरतात, आणि कारागिराने ती तशीच उतरवली आहेत. पिसाच्या दांड्याची एक बाजू अरुंद व दुसरी रुंद आहे, हे अंगणात पडलेले कावळ्याच्या पंखातले पीस शेजारी धरल्यावर भाचीच्याही लक्षात आले. एवढ्यासाठीच मी पैसे वसूल मानतो.

रंगात मात्र फसवणूक आहे. जीवाश्मातील रंगकणांवरून मायक्रोरॅप्टर चकाकत्या काळ्या रंगाचा असावा, असे २०१२ च्या अभ्यासात दिसले होते. विक्रेत्याच्या छायाचित्रातही तीच झळाळी होती, पण हाती आला तो तव्याच्या बुडासारखा काळा. मागचे पायही बेडकासारखे आडवे फाकवले आहेत. डायनासोरच्या खुब्याचा सांधा इतकी मोकळीक देत नाही, असा अनेक अभ्यासकांचा आक्षेप असताना सोबतच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

सोबत मिळालेला यी ची हा छोटा डायनासोर मात्र सुरेख आहे. २०१५ मध्ये वर्णन झालेल्या या प्राण्याच्या मनगटापासून निघणारे काडीसारखे हाड आणि त्यावर ताणलेला वटवाघळासारखा पडदा पातळ, अर्धपारदर्शक प्लास्टिकमध्ये नेमका साधला आहे. पुस्तिका त्याला मायक्रोरॅप्टरचा पूर्वज म्हणते, ते चूक. तो मायक्रोरॅप्टरहून सुमारे ४ कोटी वर्षांनी जुना असला, तरी त्याची शाखाच वेगळी आहे.

जुलैच्या पावसात डाव्या पायाची पिसे डिंकासकट सुटली. कंपनीने व्हिडिओ मागवला आणि नंतर मौन धरले. शेवटी मीच ती ॲराल्डाइटने, जरा सढळ हाताने, चिकटवली. तेव्हापासून पडवीच्या वाशाला तंगुसाने टांगलेला आमचा मायक्रोरॅप्टर कायम डावीकडे कलून तरंगतो.