पीई सिव्हिल स्ट्रक्चरल: पैसे भरून दिलेल्या परीक्षेचा रिव्ह्यू

मिक्सर घेतला की लोक लगेच रिव्ह्यू टाकतात, मग अमेरिकेतली पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या लायसन्सची परीक्षा पण तशी विकतच घेतलेली गोष्ट आहे ना, ४०० डॉलरच्या आसपास फी, क्लासचे वेगळे, पुस्तकांचे वेगळे, मग तिचा का नको. मी पीई सिव्हिल दिली, स्ट्रक्चरल घेऊन, ह्यूस्टनला, आणि पास झालेय, त्यामुळे हे राग काढायला लिहिलेलं नाही. प्रश्न काय आले ते मात्र विचारू नका, सुरुवातीलाच गोपनीयतेचा करार मान्य करायला लावतात आणि नंतर तोंड उघडलं तर निकालावर पाणी. बाकी सगळं सांगते.

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मत आधीच देऊन टाकते. पेपर फेअर आहे. तयारीचे महिने पेपरापेक्षा जास्त कामाचे आहेत. आणि तुम्ही चांगले इंजिनिअर आहात का हे ही परीक्षा बघत नाही, कुणीतरी नीट मांडून दिलेला प्रश्न तुम्ही सहा मिनिटांत सोडवता का एवढंच बघते. याच्यावर खाली येतेच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. पीई म्हणजे ड्रॉइंगवर स्वतःचा शिक्का मारून याची जबाबदारी माझी असं म्हणायचा परवाना. तो राज्य देतं, टेक्ससचा टेक्ससपुरता, पण पेपर सगळीकडे एकच आणि तो एनसीईईएस नावाची संस्था घेते. ही लायसन्सची पद्धत सुरू झाली वायोमिंगमध्ये १९०७ साली, कारण पाण्याच्या हक्कासाठी सरकारकडे जे नकाशे यायचे ते वकील, नोटरी, ज्याला पेन धरता येतं असा कुणीही काढत होता. टेक्ससने कायदा केला १९३७ ला, त्याच वर्षी न्यू लंडन गावातल्या शाळेत गॅस साचून स्फोट झाला होता, सुमारे ३०० जण गेले, बहुतेक लहान मुलं. आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे पण इंजिनिअरसाठी तसा केंद्राचा कायदा अजून नाही, महापालिका डिग्री आणि अनुभव बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरला लायसन्स देते आणि काम चालतं. त्यामुळे पुण्यात माझ्या मामेभावाला मी परीक्षेला बसतेय सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, अगं डिग्री आहे ना तुझी, मग आता परत कसली परीक्षा.

फॉरमॅट. ८० प्रश्न, ८ तास, म्हणजे प्रश्नाला सरासरी सहा मिनिटं. सेंटरवर एकूण ९ तासांची अपॉइंटमेंट असते, त्यात सुरुवातीचं ट्युटोरियल आणि मध्ये ५० मिनिटांचा ब्रेक. साधारण निम्मे प्रश्न झाले की पहिला भाग सबमिट करायचा, मग ब्रेक, आणि एकदा सबमिट केलं की त्या भागात परत जाता येत नाही, हे नीट लक्षात ठेवा. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. बहुतेक प्रश्न चार पर्यायांचे, पण काही ठिकाणी दोनतीन बरोबर उत्तरं निवडायची, काही ठिकाणी आकृतीवर क्लिक करायचं, काही ठिकाणी नुसता आकडा टाइप करायचा. आणखी एक, एप्रिल २०२४ पासून सिव्हिलचा पेपर बदलला. आधी सकाळी सगळ्यांना सगळं सिव्हिल असायचं, माती, पाणी, रस्ते, सगळं, आणि दुपारी आपला विषय. आता आठही तास आपलाच विषय. ऑफिसमधले सीनियर म्हणतात सोपं करून ठेवलंय तुम्हाला, मी म्हणते दिवसभर नुसतं स्ट्रक्चरल सोडवून दाखवा मग बोलू, कारण सकाळच्या पेपरात रस्त्याच्या वळणाचे दोन सोपे मार्क पडायचे ते आता गेले.

हेच सीनियर लोक चाकाच्या सुटकेसमधून पुस्तकं घेऊन परीक्षेला जायचे. खरंच. २०२१ पर्यंत सिव्हिलचा पेपर कागदावर होता, ओपन बुक, वर्षातून दोनदा एप्रिल आणि ऑक्टोबरला, आणि प्रत्येक पुस्तकाला रंगीबेरंगी टॅब लावलेले. २०२२ पासून कॉम्प्युटरवर आला, आता स्वतःचं काही आत न्यायचं नाही. एनसीईईएसच्या सूत्रांच्या हँडबुकची पीडीएफ स्क्रीनवर मिळते, शिवाय काँक्रीटचं एसीआय ३१८, स्टील मॅन्युअल, लोडचं एएससीई ७, लाकडाचं एनडीएस, मेसनरीचं टीएमएस ४०२, पुलांचं आश्टो हे सगळे कोड, म्हणजे डिझाइनच्या नियमांची पुस्तकं पण. ऐकायला झकास वाटतं. पण कोड चॅप्टरवार तोडून दिलेले असतात, आणि सर्च चालतो तो जो चॅप्टर उघडलाय त्याच्यातच. म्हणजे कलम कुठल्या चॅप्टरमध्ये आहे ते आधी डोक्यात पाहिजे. ऑफिसमध्ये आपण कंट्रोल एफ मारून जगतो, तिथे ती सवय घेऊन गेलात तर वेळ कुठे गेला कळणार नाही. माझा सल्ला एकच, कुणाच्या शॉर्ट नोट्स वाचू नका, हँडबुक एनसीईईएसच्या अकाउंटवरून फुकट डाउनलोड होतं, पहिल्या दिवसापासून प्रत्येक गणित तेच उघडून सोडवा, आणि प्रत्येक कोडची अनुक्रमणिका पाढ्यांसारखी पाठ करा.

आवृत्तीचं पण बघा. परीक्षेत चालणारी कोडची आवृत्ती आणि ऑफिसमध्ये वापरता ती एकच असेल असं नाही, यादी साइटवर असते. हे फालतू वाटतं पण एसीआय ३१८ च्या २०१९ च्या आवृत्तीत काँक्रीटच्या शिअरचं, म्हणजे कातरबलाचं, सूत्रच बदललंय. आधी दोन गुणिले वर्गमुळात एफसी (काँक्रीटची ताकद) एवढं लक्षात ठेवलं की काम व्हायचं, आता स्टीलची टक्केवारी पण त्यात आली. इथे मला थोडं हसू आलं, कारण आपल्या काँक्रीटच्या कोडचं, आयएस ४५६ चं, टेबल १९ आठवा, आपण बीईपासून शिअरसाठी स्टीलची टक्केवारी बघूनच आकडा काढतोय. तेवढ्यापुरती कॉलर ताठ.

बाकी ठिकाणी मात्र भारतात शिकलेल्या माणसाची फजिती युनिटमध्ये होते. किप (हजार पौंड), पीएसएफ (पौंड प्रति चौरस फूट), इंच. त्या शिअरच्या सूत्रात वर्गमुळात पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) आकडा टाकायचा आणि उत्तर पण पीएसआयमध्येच येतं, हे युनिटच्या नियमात बसत नाही पण सूत्र प्रयोगातून आलंय म्हणून तसंच आहे, मुकाट्याने घ्यायचं. सळी १६ मिलिमीटरची नाही, पाच नंबरची, म्हणजे पाच अष्टमांश इंच. काँक्रीटची ताकद भारतात क्यूबच्या नमुन्यावर तपासतात, इकडे सिलिंडरच्या, आणि त्याच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबपेक्षा कमी आकडा दाखवतो. लोड फॅक्टर, म्हणजे सुरक्षिततेसाठी लोडला लावायचा गुणक, आपल्याकडे डेड (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि लाइव्हला (माणसं, सामान) सरसकट दीड, इथे डेडला १.२ आणि लाइव्हला १.६. मला मातीचा अंदाज टनात येतो, साइटवर एसबीसी (माती किती भार पेलेल ते) किती तर वीस टन असंच ऐकत मोठे झालो, त्यामुळे २००० पीएसएफ म्हणजे साधारण दहा टन पर स्क्वेअर मीटर हा एक आकडा मी मनात खुंटीसारखा ठोकून घेतला आणि बाकीचे त्यावरून जोखले. तसे आपण फुटाला अगदी परके नाही म्हणा, फ्लॅट स्क्वेअर फुटात आणि वाळू ब्रासमध्ये घेणारी माणसं आपण, पण एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट आणि यांचं काँक्रीट क्युबिक यार्डात, सत्तावीस घनफूट, तिथे परत गणित आलंच.

लाकूड हा वेगळाच विषय. आपल्याकडे चार वर्षांत लाकडाची तुळई मी एकदाही मनापासून डिझाइन केली नव्हती, इथे अख्खी घरं लाकडावर उभी असतात आणि त्यात ओलावा किती, लोड किती काळ राहणार, यासाठी एकामागोमाग गुणक लावायचे. हा भाग अनेक देशी लोक ऑप्शनला टाकतात. नका टाकू, एकदा टेबलं ओळखीची झाली की हे मार्क सगळ्यात स्वस्तात मिळतात.

क्लासबद्दल. नाव घेत नाही. रेकॉर्डेड व्हिडिओ आणि आठवड्यातून एकदा लाइव्ह असा मोठा कोर्स घेतला, हे कोर्स सहज हजार डॉलरच्या वर जातात. शिकवणारे चांगले होते, उदाहरणं मुबलक, पण सोडवलेल्या उत्तरांत चुका होत्या, एका ठिकाणी तर किप-फुटाचं किप-इंच करायचंच राहिलेलं, आणि शंका विचारली की उत्तर यायला इतका वेळ की तोवर मीच शोधून काढलेलं असायचं. क्लास घ्यावा का? कंपनी पैसे देत असेल तर घ्या, वेळापत्रक मिळतं. स्वतःच्या खिशातून असेल तर आधी एनसीईईएसचं स्वतःचं प्रॅक्टिस एक्झॅम सोडवा आणि मग ठरवा, कारण खऱ्या पेपराची भाषा त्यातच सापडते, क्लासवाल्यांचे प्रश्न उगाच लांब आणि अवघड असतात, त्यांना बहुतेक तुम्हाला घाबरवायचे पैसे मिळतात.

सेंटर. हाताच्या तळव्याचा स्कॅन, खिसे उलटे, बाह्या वर, चष्मा काढून दाखवा, घड्याळ बाहेर. कॅल्क्युलेटर त्यांच्या मान्य यादीतलाच, माझा कॅसिओ ९९१ चालला, बीईपासूनचा जोडीदार. लिहायला कागद नाही, पुसता येणारी पानं असलेली एक वही आणि मार्कर देतात, आणि मार्करने फ्री बॉडी डायग्राम (बलांची आकृती) काढणं हा वेगळाच व्यायाम, एका प्रश्नात पान भरतं. घरी आधीपासून तशाच बोर्डवर सराव करा, हसू नका, फरक पडतो. मी गेले त्या सेंटरमध्ये एसी असा की बोटं आखडावीत, आणि शेजारी कुणाची तरी टायपिंगची परीक्षा चालू, खटखट खटखट, कान झाकायचे हेडफोन होते म्हणून वाचले. स्वेटर न्या. ब्रेकमध्ये लॉकरमधला डबा काढता येतो, पोळीभाजीचा रोल बेस्ट, पटकन संपतो आणि झोप येत नाही. स्टाफ मात्र नम्र होता, दर वेळी बाहेर पडताना परत तोच स्कॅन करताना त्यांनाच जास्त कंटाळा येत असावा.

आता मुख्य मुद्दा, जो कुठल्याच क्लासच्या जाहिरातीत नसतो. तयारी करताना मी कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलची केस परत वाचली. १९८१, जुलै महिना, लॉबीवर टांगलेले दोन वॉकवे कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये वरून खालपर्यंत एकच सळई जाणार होती आणि दोन्ही वॉकवे तिलाच स्वतंत्रपणे अडकणार होते. नंतर बनवायला सोपं म्हणून एकाच्या जागी दोन सळया केल्या, खालचा वॉकवे वरच्याला टांगला, त्यामुळे वरच्या जॉइंटच्या नटवर दुप्पट लोड आला. मूळ जॉइंटसुद्धा कोडला पुरा पडत नव्हता, त्यात हे. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे स्टील बनवणाऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगवर, इंजिनिअरचा शिक्का होता. पुढे मिसूरीत त्या इंजिनिअरांची लायसन्सं गेली.

हेच जर पीईच्या पेपरात आलं असतं, आकृती काढून, नटवर बाण दाखवून, इथे किती बल येईल, तर मला वाटतं बहुतेक सगळे दोन मिनिटांत बरोबर उत्तर देतील. दुप्पट. झालं. पण प्रत्यक्षात तो बाण कुणी काढून देत नाही. शंभर शीटच्या गठ्ठ्यात एका कोपऱ्यातला डिटेल बदललेला असतो, शुक्रवारी संध्याकाळी स्टील बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचा फोन येतो की सोमवारी कटिंग आहे, आणि तुम्हाला स्वतःलाच थांबून म्हणावं लागतं की थांबा, हे परत बघूया. हे ८० प्रश्नांत कसं तपासणार? नाहीच तपासता येत. म्हणून चार वर्षांचा अनुभव आणि तुमचं काम बघितलेल्या पीईंची शिफारस मागतात, आणि माझ्या मते लायसन्सचा खरा भाग तोच आहे. त्यामुळे टेक्ससमध्ये आता अनुभव पूर्ण व्हायच्या आधी पेपर देऊन टाकता येतो त्याला माझी हरकत नाही, उलट कॉलेजचं ताजं असताना द्या, पण पेपर पास झालेलं पोरगं स्वतःला पीई समजून साइटवर हुकूम सोडायला लागलं की हसू येतं. लायसन्स हातात येईपर्यंत पीई लावायचंही नसतं बरं का नावापुढे, तो कायदा आहे.

निकाल बुधवारी येतात, साधारण सातदहा दिवसांत, ईमेल येतो. मार्क कळत नाहीत, फक्त पास किंवा फेल. फेल झालात तर कुठल्या विषयात किती कमी पडलात त्याचा रिपोर्ट मिळतो, तो मला उलट चांगला वाटला, पास झालेल्याला पण द्यायला हवा होता, मेसनरीत मी काय दिवे लावले ते कायमचं गुपित राहिलं. परत बसायचं तर तीन महिन्यांच्या एका टप्प्यात एकदा, आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा.

स्टार द्यायचे तर पेपराला चार, हँडबुकला साडेचार, क्लासला अडीच, सेंटरला तीन आणि एक स्वेटर.

आणि बीई भारतातली असेल तर सगळ्यात महत्त्वाचं, लायसन्ससाठी डिग्रीचं मूल्यांकन लागू शकतं, आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं, तुमच्या ड्रॉवरमधल्या मार्कशीटची झेरॉक्स चालत नाही. माझ्या विद्यापीठात त्यासाठी बाबांना तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर उभं राहावं लागलं आणि लिफाफ्यावर सील नाही म्हणून परत पहिल्यापासून. पेपराची तारीख नंतर घ्या, अभ्यास नंतर सुरू करा, तो अर्ज आधी टाका, आणि गावाकडून कुणी जाणार असेल तर दोन कॉपी मागवायला सांगा.