घरची सोडा मशीन, नागपूरचा उन्हाळा अन् माझा थंडा

फेब्रुवारीत घेतली, आता ऑक्टोबर संपत आला, म्हणजे आठ महिने रोज वापरून सांगून राहिलो, डबा उघडल्या उघडल्या पाच स्टार देणारा रिव्ह्यू नाही हा. कंपनीचं नाव देत नाही कारण पुढं थोडी बोंब मारायची आहे, अन् तसंही या टाइपच्या मशिनी आतून सारख्याच असतात. वीज लागत नाही, मागं गॅसचा सिलिंडर बसतो, पुढं पाण्याची बाटली फिरवून लावायची, वरचं बटण दाबायचं, भर्रर्र आवाज आला की सोडा झाला. मला साडेसहा हजाराला पडली, एक सिलिंडर अन् एक लिटरच्या दोन बाटल्या धरून.

आधी घेतली काहून ते सांगतो. जानेवारीत ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले गोड काय खाता, मी म्हटलं काहीच नाही, चहा पण बिनसाखरेचा. खरंच होतं ते! मिठाईचं मला काही नाही, दिवाळीत संत्रा बर्फीचा डबा घरात चार दिवस तसाच पडून राहतो. मग बायकोनं बाजूच्या खुर्चीवरून सांगितलं, "अहो, तो थंडा सांगा ना." थंडा म्हणजे बाटलीतलं कोल्ड्रिंक. ऑफिसात चार वाजता एक पाव लिटर अन् रात्री जेवण झालं की गाडी काढून कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी पाव लिटर, हे दहा-बारा वर्षांपासून चालू, अन् माझ्या डोक्यात ते कधी "गोड" या खात्यात गेलंच नव्हतं, ते "पाणी" या खात्यात होतं.

घरी येऊन बाटलीचं लेबल पहिल्यांदा वाचलं. 100 मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर. म्हणजे अर्ध्या लिटरला 50 च्या वर, महिन्याला दीड किलो, एकट्या माणसाची! जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे 2000 कॅलरीवाल्याला 50 ग्रॅम, अन् 5 टक्क्यांच्या आत आली तर अजून चांगलं. माझा कोटा दोन बाटल्यांतच पार. किराण्याच्या यादीत बायको साखर तीन किलोवरून दोनवर आणून राहिली होती अन् मी मागच्या दारानं दीड किलो आणून पिऊन राहिलो होतो.

पहिले दोन आठवडे झीरोवाला कोला आणला. चव जमली, पण त्यानं झालं असं की गोडाची ओढ तशीच राहिली, उलट "झीरो आहे ना" म्हणून दोनच्या तीन बाटल्या व्हायला लागल्या. 2023 मध्ये याच संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायचा उपाय म्हणून बिनसाखरेचे स्वीटनर, म्हणजे झीरोवाल्या कोल्यात असतात तसे, वापरू नका. विष आहे असं नाही म्हटलं कोणी, पण माझ्या कामाचं नव्हतं. मग एक दिवस साधा बाजारचा सोडा, लिंबू अन् काळं मीठ घालून घेतला आणि ट्यूब पेटली. मला गोड नकोच होतं बे, मला घशाला लागणारा तो झटका पाहिजे होता. अन् जेवण झाल्यावर "आता दिवस संपला" असं वाटणारी ती पाच मिनिटं. साखर फुकटात सोबत येत होती.

आता मशीन. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जी बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेली असते अन् नागपूरकरानं भल्या मोठ्या अक्षरात लिहून किचनमध्ये चिटकवली पाहिजे ती म्हणजे पाणी गार पाहिजे. नुसतं "साधं" नाही, फ्रिजमधलं. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात चांगला मुरतो, गरम पाण्यात कमीच मुरतो, फ्रिजच्या पाण्यात जितका जातो त्याच्या निम्मासुद्धा 40 डिग्रीच्या पाण्यात जात नाही. आता एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून येतं ते चहा टाकायच्या लायकीचं असतं हे तुम्हाला सांगायला नको. या उन्हाळ्यात मी आधी माठाचं पाणी वापरून पाहिलं, म्हटलं कोरड्या उन्हात माठ बम गार करतो. प्यायला मस्त, पण मशीनसाठी कमीच पडतो, सोडा होतो पण ग्लासात ओतेपर्यंत अर्धा जीव गेलेला. शेवटी फ्रिजच्या दारात दोन बाटल्या कायमच्या, एक भरली की दुसरी आत.

दुसरी गोष्ट, फक्त पाणी. आमच्या पोट्ट्यानं दुसऱ्याच दिवशी हौसेनं लिंबू सरबताची बाटली लावली अन् बटण दाबलं. फेस छतापर्यंत नाही गेला एवढंच, ओटा, मिक्सर, कॅलेंडर सगळं चिकट. आधी सोडा करायचा, मग त्यात काय घालायचं ते हळूच घालायचं. अन् बाटल्या प्लास्टिकच्या असतात, त्यांच्यावर तारीख छापलेली असते, त्या तारखेनंतर वापरायच्या नाही कारण आतून प्रेशर पडतं. गरम पाण्यानं धुवायच्या नाही, आकार बिघडतो. मेमध्ये मी त्या माठाच्या पाण्यानं धुतल्या, हसू नका.

सिलिंडरचा हिशेब. डब्यावर लिहिलंय 60 लिटर. मला पहिल्यात 38 निघाले, दुसऱ्यात 41. खोटं बोलतात असं नाही, ते मंद सोड्याचा हिशेब धरत असतील, आपल्याला तीन-चार वेळा दाबल्याशिवाय चैन पडत नाही. रिकामा देऊन भरलेला घ्यायला मला 900 लागतात, म्हणजे लिटरला बावीस-तेवीस रुपये. दुकानातला पाऊण लिटरचा सोडा वीसला मिळतो. म्हणजे कोणी "मशीन घ्या, पैसे वाचवा" म्हणत असेल तर सोड्याच्या जागी सोडा असा हिशेब लावला तर काही खास वाचत नाही. माझे वाचतात कारण माझे थंड्याचे महिन्याला बाराशे जात होते, आता घरचे सगळे मिळून सातशेच्या आसपास. तरी साडेसहा हजार वसूल व्हायला वर्षाच्या वर जाईल. प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग मात्र थांबला, भंगारवाले भाऊ नाराज आहेत.

आता बोंब. मे महिन्यात दुसरा सिलिंडर मागवला. डिलिव्हरीवाल्यानं दुपारी दीड वाजता गेटच्या आत टेकवून ठेवला अन् फोटो काढून निघून गेला, फोन नाही, बेल नाही. बायको तीनला आली तेव्हा सिलिंडर हात लावू देत नव्हता इतका तापलेला. हा काही दुधाचा पाकीट नाही ना राजेहो! या सिलिंडरमध्ये गॅस दाबून पातळ करून भरलेला असतो आणि 31 डिग्रीच्या वर गेलं की कार्बन डायऑक्साइड पातळ राहूच शकत नाही, कितीही दाबा, त्यामुळे ऊन लागलं की आतलं प्रेशर चढत जातं. सेफ्टीची व्यवस्था असते म्हणा, पण उन्हात, कारमध्ये, गॅलरीत कुठंच ठेवायचा नसतो. कस्टमर केअरला फोन केला तर मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर त्याला थंड आणि कोरड्या जागी ठेवा. म्हटलं ताई, नवतपा चालू आहे, 45 आहे बाहेर, नागपुरात अशी जागा असली तर मला सांगा, मीच तिथं जाऊन बसतो. ओल्या गोणपाटावर सावलीत ठेवला, संध्याकाळी घरात घेतला, दोन दिवस मशीनला लावला नाही. काही झालं नाही, पण यासाठी एक स्टार कापला तो कापलाच.

आणखी अर्धा कापतो तो बाटलीच्या तोंडाशी असलेल्या रबरासाठी. पाचव्या महिन्यात सैल पडला, अर्धा गॅस बाहेर फुस्स. सुटा मिळत नाही म्हणे, पूर्ण भाग घ्या. सीताबर्डीला एका कुकरच्या रिंगा विकणाऱ्याकडं जवळपासचा मिळाला, वीस रुपयात काम झालं. हे काही कंपनीनं सांगितलेलं नाही, माझ्या भरवशावर करू नका.

चवीचं म्हणाल तर मी एकदम साखर बंद नाही केली, ते माझ्याच्यानं झालं नसतं. पहिल्या महिन्यात ग्लासभर लिंबू सोड्यात दोन चमचे साखर, म्हणजे दहाएक ग्रॅम, तरी बाटलीपेक्षा निम्म्याहून कमी. मग दीड, मग एक, तीन-तीन आठवडे एका पायरीवर थांबून. जून-जुलैपर्यंत नुसतं लिंबू, भाजलेलं जिरं, चिमूटभर काळं मीठ. बीपीवाल्यांनी त्या चिमटीकडे लक्ष ठेवावं. मार्चमध्ये मृग बहाराची संत्री होती तेव्हा ग्लासात अर्धं संत्रं पिळायचो अन् उरलेलं सोलून खायचो, पूर्ण ग्लास रस काढला तर चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते अन् चोथा राहतो गाळणीत. कैरीच्या पन्ह्यात सोडा, हा प्रकार एकदा कराच, पण त्यातला गूळ पण साखरच आहे हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. रसवंतीचं पण तेच, उसाचा रस नैसर्गिक आहे म्हणून माझा एक मित्र दिवसाला दोन ग्लास ओढतो अन् मला सोड्यावरून लेक्चर देतो.

काकूंनी विचारलं हाडं ठिसूळ नाही का होत यानं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या 2006 च्या अभ्यासात बायकांच्या कमी घनतेच्या हाडांचा संबंध कोलाशी दिसला होता, बाकीच्या फसफसणाऱ्या पेयांशी नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. ॲसिडिटीवाल्यांना मात्र पोट फुगतं, माझ्या बायकोला फुगतं, ती पीत नाही, ती मठ्ठा पिते अन् मला हसते.

आता एक गंमत जी मशीन घेताना डोक्यात नव्हती. थंडा सुटला तर दुकानाची चक्कर पण सुटली. गाडीनंच जात होतो म्हणा, पण जिना उतरणं, दुकानात दहा मिनिटं उभं राहून गप्पा, तेवढंच माझं दिवसाचं हलणं होतं! पहिला महिना मी जेवलो की किचनमध्ये भर्र करायचो अन् सोफ्यावर. वजन 84 चं 84. मग एक नियम केला, आधी चक्कर, मग सोडा. घरून ट्रॅफिक पार्क चालत सात मिनिटं, त्याला बाहेरून वळसा घालून परत, पंचवीस मिनिटांत घरी, अन् बाटली फ्रिजमध्ये वाट पाहून राहिलेली. पाकीट घरी ठेवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण रस्त्यात तीन दुकानं लागतात. आठवड्यातून सहा दिवस केलं की 150 मिनिटं होतात, डॉक्टर लोक तेवढंच मागतात, वर दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगतात तो मी पोट्ट्याच्या डंबेलवर करतो, कधी करतो कधी नाही.

मे-जूनमध्ये रात्री नऊलाही डांबर वाफा टाकतं, तेव्हा पहाटे साडेपाचला अंबाझरी तलावावर जात होतो. तिथं साठीच्या पुढचे आजोबा मला मागं टाकून जायचे, एकानं तर मागं वळून "चला भाऊ चला" म्हटलं. पण पहाटेचं टिकलं नाही, पाऊस सुरू झाला तसा परत रात्रीच्या चकरेवर आलो, कारण सोड्याची वेळ रात्रीची आहे अन् पायांना आता तीच वेळ माहीत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली अन् त्यांच्या सोबत्यांचा 96 लोकांवरचा एक अभ्यास आहे, त्यात नवीन सवय आपोआप व्हायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 तर कोणाला 254 असा हिशेब निघाला. अन् एखादा दिवस चुकला तर फरक पडत नाही असं पण. मला 100 च्या वर लागले. गणपतीत अख्खा आठवडा चकरा बुडाल्या, लग्नात दोनदा थंडा प्यायलो, परत लागलो.

ऑफिसच्या चार वाजताचं काय, तर सकाळी घरून मशीनचीच बाटली भरून नेतो, झाकण घट्ट लावून ऑफिसच्या फ्रिजमध्ये. चारपर्यंत झटका बऱ्यापैकी राहतो. एकदा उघडली की मात्र लगेच संपवायची, बाजूवाल्याला अर्धा ग्लास देऊन संपवतो, आता तिघं वाट पाहतात. लहानपणी इतवारीत तो गोटीवाला सोडा मिळायचा, हिराम कॉड नावाच्या इंग्रजाची 1872 च्या पेटंटची बाटली ती, आतल्या गॅसच्या दाबानंच गोटी तोंडाला घट्ट बसते, त्या अक्कलेचं झाकण या साडेसहा हजाराच्या मशीनला असतं तर काय पाहिजे होतं.

सप्टेंबरमध्ये परत रक्त तपासलं, 5.8. वजन साडेऐंशी. यात मशीनचा वाटा किती अन् चकरेचा किती ते मला वेगळं करता येत नाही.

पाचपैकी साडेतीन. एकटा माणूस असाल, सोडा कधीमधीच पीत असाल तर घेऊ नका, वीसची बाटली आणा. घरात चार जण असतील अन् फ्रिजमध्ये जागा असेल तर घ्या, पण जवळपास सिलिंडर बदलून देणारा आहे का हे आधी पाहा अन् त्याचा फोन तुमच्यासमोर लावून पाहा. माझा तिसरा सिलिंडर संपत आलाय, काल रात्री भर्रच्या जागी नुसतं फुस्स झालं, एजन्सीला सकाळपासून चार वेळा फोन लावला, उचलून नाही राहिले.