ग्रुप फोटो: मुहूर्ताआधी की स्टेजवर?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे मुहूर्ताआधी फोटो काढायचे तर लग्न गोरज मुहूर्ताचंच हवं. सहाच्या सुमारास लॉनवर ऊन तिरपं होतं, मेकअप ताजा असतो, मामा-मावश्या हाताशी असतात. यादी एखाद्या खड्या आवाजाच्या काकांकडे द्या. फोटोग्राफरला आत्या कोण, मामी कोण, काय कळणार? आजी-आजोबा आधी. अडचण एकच, वरात वेळेवर यायला हवी. आणि अंतरपाटाआधी जोडी एकत्र नको म्हणणारं कुणीतरी असतंच.

स्टेजवर जोडी आयती मिळते, पण रांग हलत नाही, नवरा-नवरी उपाशी आणि अर्धे पाहुणे जेवणाच्या काउंटरवर. मी तरी दोन्हीकडचे ग्रुप आधी उरकून स्टेजवर फक्त जोडीसोबतचे ठेवीन.