गिझर, गॅस की सोलर? आधी टाकीची उंची मोजा

पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस घेतल्यापासून मेहुण्याचा दर दोन दिवसांनी फोन. "दाजी, विजेचा गिझर लावू, गॅसचा, का सरळ सोलर? एकच नाव सांगा." मी म्हटलं, नाव नंतर. आधी वरच्या बाथरूममधल्या नळाखाली 18 लिटरची बादली ठेव आणि किती वेळात भरते ते सांग. दाजी टाळतायत असं त्याला वाटलं. बादली भरायला साडेचार मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला चार लिटर: टाकी उंच नाही, म्हणून दाब कमी. त्याच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच मिळालं.

उरलेल्या निम्म्यासाठी एक हिशोब. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पारा 10च्या खाली उतरतो, टाकीतलं पाणी 18 अंशांच्या आसपास असतं असं धरू. अंगावर घ्यायचं पाणी लागतं 42 अंशांचं. चार माणसं, चार बादल्या, 72 लिटर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे रोज सुमारे 1,730 किलोकॅलरी, विजेच्या भाषेत दोन युनिट. या उष्णतेत कोणतीही कंपनी काही कमी करू शकत नाही. बदलतं ते इंधन, आणि वाया किती जातं ते.

आजीच्या वाड्यातल्या तांब्याच्या बंबालाही हाच हिशोब होता. मधे जाळाची नळी, भोवती पाणी. बंब परत आणा असं मी म्हणणार नाही, बंबफोड कोण आणतंय आता! पण त्याच्याकडे पाहून एक गोष्ट कळायची: गरम पाणी वर राहतं, थंड खाली बसतं. विजेचा साठवणीचा गिझर याच तत्त्वावर चालतो. थंड पाणी तळाशी शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. म्हणूनच गच्चीवरची टाकी रिकामी असली की गरम नळाला धार येत नाही.

दाब कमी असेल तर हा साठवणीचा गिझरच सगळ्यात समजूतदार. हळू का होईना, तापलेलं पाणी देतो. 2 किलोवॅटचा 25 लिटरचा गिझर 20वरून 60 अंशांवर जायला सुमारे 35 मिनिटं घेतो आणि सव्वा युनिटाच्या आत खातो. तीन लिटरचा 'इन्स्टंट' मात्र नावावर जाऊन घेऊ नका. 3 किलोवॅटची कॉइल 20 अंश वाढवून मिनिटाला जेमतेम दोन लिटर देते. तो भांड्यांच्या मोरीला ठीक. थंडीत बादलीसाठी उभं राहायचं म्हणजे हुडहुडी भरून जायची.

इथे हौशी माणसाची एक ठरलेली चूक होते. पाणी तापताना फुगतं, 25 लिटरमागे पाव लिटरहून जास्त. वरच्या टाकीकडे परत जायची वाट नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या) व्हॉल्व्हने बंद असली, तर तेवढं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. ती गळती समजून तिथे बूच मारणारे मी पाहिलेत. तो व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे गिझरचा बॉम्ब करणं. टेफ्लॉन टेप, कनेक्शनच्या नळ्या, अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) बदलणं ही कामं मेन स्विच बंद करून खुशाल स्वतः करा. अर्थिंग आणि 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) मात्र वायरमनकडूनच.

गॅस गिझर खर्चात तगडा. 14.2 किलोच्या सिलिंडरमधून, थोडी उष्णता वाया गेली धरूनही, साधारण 145 युनिटांइतकं काम निघतं. तेव्हा सिलिंडरचा आजचा भाव आणि तुमच्या बिलातल्या 100 युनिटांवरच्या टप्प्यातल्या 145 युनिटांचा भाव शेजारी-शेजारी लिहा, निकाल कागदावरच दिसेल. अडतं ते पाण्याच्या दाबाशी. आतला पडदा पुरेसा ढकलला गेला नाही तर ठिणगीच पडत नाही, आणि माणूस बिचारा बॅटऱ्या बदलत बसतो. दहा मीटर उंचीला एक बार दाब, या हिशोबाने मेहुण्याच्या वरच्या बाथरूममध्ये दाब पाव बारही नव्हता. दुसरी गोष्ट दाबाहून मोठी: बंद बाथरूममध्ये गॅस गिझर नकोच. गॅस जळताना निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि माणसं दरवर्षी जातात. तो बाहेर, उघड्या हवेत. जागा नसेल तर विषय संपला.

सोलरवर माझा जीव आहे, म्हणून दोष आधी सांगतो. पावसाळ्यात ढग बसले की पाणी कोमटच. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीतून तळमजल्यावर यायला पाऊण इंची पाइपात तीन-साडेतीन लिटर थंड पाणी अडकतं, ते रोज आधी सोडावं लागतं. फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची, म्हणजे पाइपाआधी मीटिंग. बोअरचं पाणी असेल तर आपल्या काळ्या खडकातले क्षार तांब्याच्या बारीक नळ्यांच्या फ्लॅट प्लेटमध्ये, म्हणजे सपाट पेटीच्या सोलरमध्ये, बसतात. काचेच्या नळ्यांचा संच ते जरा जास्त सोसतो. बादलीला पांढरा थर धरतोय का बघा, तोच तुमचा रिपोर्ट. आणि काचेच्या नळ्या भरायच्या त्या पहाटे. मी एकदा भर दुपारी कोरड्या, तापलेल्या संचात थंड पाणी सोडलं. दोन नळ्या तडकल्या. दोष सर्वस्वी माझा.

बाकी ऊन फुकट. तोंड दक्षिणेला, आपल्या 20 अक्षांशाला थंडीसाठी 35 अंशांचा उतार. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांना 100 लिटर पुरतं, शॉवरवाल्यांनी 200 घ्यावं. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप गिझरच्या विजेचा तिसरा हिस्सा खातो म्हणतात, ते बऱ्याच अंशी खरं. पण चार बादल्यांसाठी एवढा खर्च मला पटत नाही.

फ्लॅटवाल्यांनी डोकं न लढवता 15 किंवा 25 लिटरचा विजेचा गिझर घ्यावा, बाल्कनी मोकळी असेल तर गॅसचा. मेहुण्याला मी सोलर सांगितलं, आणि त्याच्यापुढे ओळीने 15 लिटरचा गिझर. सोलरचं पाणी गिझरमधूनच येईल. पुरेसं गरम असेल तर थर्मोस्टॅट गप्प बसेल, ढगाळ दिवशी कामाला लागेल. आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाची मर्यादा मात्र गिझरच्या पुस्तिकेत बघायची.

पण सोलरच्या टाकीपेक्षा थंड पाण्याची टाकी वर हवी, आणि त्याची तर गच्चीवर फूटभर ओट्यावर. म्हणून पहिले पैसे गेले ते लोखंडी स्टँडला. टाकी उंचावली की दाबही वाढतो, उद्या गॅस घ्यायचा झाला तरी वाट मोकळी. सोलरची हवेची उभी नळी थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर न्यायची, नाहीतर गच्चीवर कारंजं. आणि हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. अंबडच्या वेल्डरकडे मेहुणा निघाला तेव्हा एवढंच बजावलं, स्टँडचे पाय स्लॅबच्या मधे नकोत, बीमच्या रेषेतच घ्यायला सांग.