इंजिनच्या डब्यातलं पाणी: ग्लँडची दोरी बरी की कोरडं सील?

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये बोट चालवणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. इंजिनच्या डब्यात पाणी साचतं, तर ग्लँडची दोरी काढून ते थेंब न पडणारं सील बसवून टाकावं का? ज्यांच्या बोटीला मागे लटकवायचं ओबीएम (आउटबोर्ड मोटर) आहे त्यांचा यात काही संबंध नाही. डिझेलचा मिस्त्री आपल्याकडे गावोगाव मिळतो म्हणून ज्यांनी डिझेल इंजिन बोटीच्या पोटात बसवून घेतलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी दोन्ही वापरलं आहे. शाफ्ट म्हणजे इंजिनकडून प्रोपेलरपर्यंत जाणारा दांडा, स्टर्न ट्यूब म्हणजे तो बोटीबाहेर जातो ती नळी, आणि ग्लँड म्हणजे त्या नळीच्या आतल्या तोंडाशी दोरी दाबून पाणी अडवणारा भाग.

पण दोरी की सील हे ठरवायच्या आधी पाणी ग्लँडचंच आहे का ते बघा. नीट बसवलेल्या दोरीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडतात आणि पडायलाच हवेत, त्या थेंबांवरच दोरी थंड राहते. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलीटर होतो. म्हणजे मिनिटाला तीन थेंब धरले तरी तासाला नऊ मिलिलीटर. चहाच्या कपाचा तळ जेमतेम झाकेल एवढं. तुमच्या डब्यातून संध्याकाळी बादलीभर पाणी निघत असेल तर एकतर ग्लँड सैल आहे, नाहीतर पाणी भलतीकडूनच येतं आहे. दुसरी शक्यता लोक फार लवकर सोडून देतात.

शोधायची माझी रीत साधी आहे. डबा फडक्याने पुसून कोरडा करायचा, इंजिनच्या पायांखालच्या कोपऱ्यांसकट. मग जुन्या पेपरचे तुकडे ठेवायचे: ग्लँडखाली एक, पाण्याच्या पंपाखाली एक, एक्झॉस्टच्या रबरी होजखाली एक, सुकाणूच्या दांड्याखाली एक, पाणी ओढायच्या व्हॉल्व्हजवळ एक. पहिल्यांदा बोट नुसती बांधून ठेवायची. इंजिन बंद असताना कागद भिजला तर पाणी बाहेरून आत येतंय, म्हणजे शाफ्टची ग्लँड, सुकाणूची ग्लँड किंवा त्या व्हॉल्व्हचं बूड. बंद असताना कोरडं, पण गिअर न टाकता इंजिन चालवल्यावर ओलं, तर दोष कूलिंगच्या लाइनीत: पंप, होज, क्लिप, एक्झॉस्टचा एल्बो. गिअर टाकल्यावरच ओलं होत असेल तर शाफ्ट बघा. आणि या तिन्ही वेळा कोरडं, फक्त सोळा-सतरा माणसं बसली की पाणी, असं असेल तर बोट मागून दबल्यावर कुठलं भोक पाण्याखाली जातं ते शोधा. बऱ्याचदा ते बिल्ज पंपाचंच, म्हणजे डब्यातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचंच, तोंड निघतं. पंप बंद झाला की त्याच पाइपातून पाणी उलटं आत येतं. तो पाइप आत आणताना उंच वळसा देऊन घ्या, ग्लँडला हातही लावायला नको.

समुद्रावरचे लोक डब्यातलं पाणी जिभेला लावून खारट की गोडं ते ठरवतात. आपलं बाहेरचंही गोडं आणि पावसाचंही गोडं. शिवाय नागपूरची नाग नदी कन्हानमधून इथेच येते, तेव्हा जिभेला लावायचं नावच काढू नका. बंद कूलिंग असेल तर कूलंट रंगीत घाला, हिरवा किंवा लाल. डब्यात रंग दिसला की गळती इंजिनच्या आतल्या बाजूची, हे लगेच कळतं.

पाणी फसवतं ते फिरत्या भागांमुळे. शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या कपलिंगवर थेंब पडला की ते चारी बाजूंनी उडवतं. डब्याच्या झाकणाची आतली बाजू बघा. कपलिंगच्या बरोबर वर थेंबांची आडवी रेघ उमटलेली असेल तर पाणी शाफ्टवरून पुढे सरकतंय, ग्लँडचंच आहे. रेघ फॅनबेल्टच्या वर असेल तर कूलिंगच्या पाण्याच्या पंपाकडे वळा. पंपाच्या अंगावर, पाण्याकडची बाजू आणि इंजिनकडची बाजू यांच्या मधे, खालून एक काडी जाईल एवढं भोक असतं. तिथून पाणी ठिबकलं तर पाण्याचं सील गेलं, तेल ठिबकलं तर तेलाचं. काही मिस्त्री ते भोक एमसीलने बुजवतात. तसं केलं की पाणी बाहेर दिसायचं थांबतं आणि इंजिन ऑइलमध्ये जायची भीती तयार होते. आपल्याकडे हे सील जायचं मोठं कारण जलकुंभी. तिच्या मुळ्या सक्शनच्या जाळीत अडकतात, पंप कोरडा फिरतो, इंपेलर (पंपातलं रबरी चाक) तापतो आणि त्याच्यासोबत सीलही. जाळी रोज साफ केली तर निम्मं काम तिथेच होतं.

एवढं करूनही पाणी ग्लँडचंच निघालं तर मग दोरी की सील.

दोरीची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती मिळते. पवनीला जा, भिवापूरला जा, शेतीपंपाचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ग्लँड दोरी वजनावर मिळते. काळी ग्राफाइटची स्वस्त. समुद्रात ती स्टेनलेसच्या शाफ्टला खाते, गोड्या पाण्यात तेवढी भीती नाही. तरीही मी टेफ्लॉनची पांढरी सुचवीन, ती गरम कमी होते. भरणारा माणूसही शोधावा लागत नाही. ज्याने विहिरीवरच्या पंपाची ग्लँड भरली आहे त्याला बोटीची भरता येते. एक मात्र करा. दोरी शाफ्टवर लांबलचक गुंडाळून दाबू नका. शाफ्टच्या मापाच्या पाइपावर वेढे घेऊन तिरपे काप द्या, सुट्या कड्या करा, आणि बसवताना प्रत्येक कडीचा जोड आधीच्या जोडापासून एक तृतीयांश फेरा सरकवा. तीन कड्या बहुतेक ठिकाणी पुरतात. नट हाताने घट्ट करून बोट पाण्यात सोडा, शाफ्ट फिरवा, हळूहळू आवळा. ग्लँड हाताला कोमट लागली तर चालेल. चटका बसला तर जास्त आवळली आहे.

आणि दोरी दगा देते तीही हळूहळू. दोन थेंबांचे दहा होतात, दहाची धार होते, तोवर तुम्ही काठाला लागलेले असता. कडी बदलायची तर पाण्यातच, ट्यूबच्या तोंडाशी फडकं कोंबून बदलता येते. शाफ्ट काढावा लागत नाही. हा तिचा गुण कुणी नाकारू नये.

तिची कटकट जागेची. दोन पाने (स्पॅनर) लागतात, एक नटाला आणि एक लॉकनटाला, आणि दोन्ही गिअरबॉक्सच्या मागे हात घालून, छातीवर पालथं पडून फिरवायचे. मे महिन्यात डब्यात डोकं घालून बघा. त्यामुळे होतं काय, आज आवळू उद्या आवळू म्हणत ग्लँड सैल राहते, किंवा एकदाच कायमची म्हणून करकचून आवळली जाते. करकचून आवळलेली दोरी वाळून कडक होते आणि शाफ्टवर खाच पाडते. खाच पडलेल्या शाफ्टला मग कितीही नवी दोरी घाला, पाणी थांबत नाही. जुनी बोट विकत घेताना ग्लँडजवळच्या शाफ्टवर नखाने ओढून बघा. नख अडकलं तर भाव पाडून मागा.

आता सील. बाजारात प्रकार बरेच आहेत, मी बोलतोय ते कार्बनची चकती आणि स्टेनलेसचा रोटर असलेल्या प्रकाराबद्दल. चकती स्टर्न ट्यूबवरच्या रबरी भात्याला बसते आणि स्थिर राहते, रोटर शाफ्टवर स्क्रूने पक्का असतो आणि शाफ्टसोबत फिरतो. भाता चकतीला रोटरवर दाबून धरतो. घासतात ते हे दोन सपाट चेहरे, शाफ्ट घासत नाही. म्हणून खाच पडलेला शाफ्टही बरेचदा वाचतो, कारण रोटर शाफ्टच्या दुसऱ्या, चांगल्या जागी बसतो.

बसवणं मात्र सोपं नाही. बोट पाण्याबाहेर हवी, कपलिंग सोडून शाफ्ट मागे सरकवायला हवा. जुनं कपलिंग शाफ्टवरून निघायला किती शिव्या लागतात हे ज्याने काढलंय त्याला माहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते आणि बोट तशीही काठावर येते, ते दिवस या कामाला बरे. वस्तू मुंबईहून कुरियरने मागवावी लागते आणि किंमत दोरीच्या कित्येक पट. रोटरचे स्क्रू एकदा काढले की पुन्हा वापरायचे नसतात, नवे घालायचे. भाता रबराचा असल्याने त्याला वय आहे, एका नावाजलेल्या उत्पादकाची शिफारस सहा वर्षांची आहे. आमच्या उन्हात मी तेवढी वाट बघणार नाही.

आणखी एक. बोट पाण्यात उतरवली की भात्यात हवा अडकते. भाता हाताने दाबून पाण्याचा फवारा येईपर्यंत ती हवा काढावी लागते, नाहीतर चकती कोरडी फिरून तापते. वेगवान बोटींना इंजिनच्या लाइनीतून पाण्याची नळी जोडावी लागते, आपल्या संथ बोटींना पाण्याच्या वर नेलेली हवेची नळी पुरते.

सीलची खरी भीती म्हणजे भाता फाटला तर. पाण्याखाली फूटभर असलेल्या एक इंच भोकातून मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी येतं. खोक्यावर 500 गॅलन लिहिलेला बिल्ज पंप तासाला 1900 लिटर ओढतो, म्हणजे मिनिटाला बत्तीसच्या आत, तेही कागदावर. फाटलेल्या भात्यातून तेवढंच येईल असं नाही, पण थोडंही नसेल. म्हणून डब्यात सायकलची जुनी ट्यूब पट्ट्या कापून ठेवायची, भात्यावर घट्ट गुंडाळायला. रोटरच्या पाठीला शाफ्टवर एक जादा कॉलरही लावून घ्या, म्हणजे स्क्रू सैल झाले तरी रोटर चकतीपासून लांब सरकणार नाही. जाळ्याचा तंगूस प्रोपेलरमध्ये गुंतला की शाफ्टला झटका बसतो, तेव्हा ही कॉलर कामाची.

एवढं वाचून दोरीचं पारडं जड वाटेल. मलाही वाटत होतं. माझं मत फिरलं ते एका वाक्याने.

आमच्या बोटीवर एक काका आहेत, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले, या पाण्यावर जन्म गेलेला. पाण्याबद्दल त्यांच्याशी वाद घालायची माझी ताकद नाही. पण डब्यात पाणी दिसलं की त्यांचं एकच: ‘‘ग्लँडचंच पानी हाये जी.’’ मी विचारलं, आज जास्त वाटतंय? तर, ‘‘कसून देतो ना संध्याकाडी, त्यात का हाये?’’ आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं. अडचण तीच. ग्लँड रोज थोडी गळते म्हटल्यावर डब्यात रोज थोडं पाणी असणार, आणि रोजच्या पाण्यात नवं पाणी ओळखू येत नाही. घरात रोज भांडण असलं की चोर आला तरी शेजारी उठत नाहीत, तसं. पंपाचं सील गेलं ते याच वाक्याआड कितीतरी दिवस लपलं. ते पाणी बेल्टवर, बेल्टवरून अल्टरनेटरवर. अल्टरनेटर जळाल्यावर झाकणाच्या आतली ती रेघ दिसली, बेल्टच्या बरोबर वर. दोरीचा यात काही दोष नव्हता, ती आपले थेंब टाकत होती. पण तिच्या थेंबांनी डबा कायम ओला ठेवला आणि ओल्या डब्यात तपासणी करता येत नाही.

सील बसवल्यापासून इंजिनखाली पेपर कायम अंथरलेला असतो. तो कोरडाच असतो. मागे एकदा एका कोपऱ्यात रुपयाएवढा डाग दिसला, हाताने चाचपत डागाच्या वर गेलो तर एक्झॉस्ट होजची खालची क्लिप गंजून सैल झालेली. पाच मिनिटांचं काम. पूर्वीच्या डब्यात तो डाग दिसलाच नसता.

प्रत्येकाने सीलच घ्यावं असं मी म्हणणार नाही. लाकडी बोट असेल तर ती तशीही थोडं पाणी घेते, तिथे कोरड्या डब्याचा फायदा मिळणार नाही, दोरीच ठेवा. बोट रोज दुसऱ्याच माणसाच्या हातात जात असेल, उतरवल्यावर हवा काढायची आठवण कुणाला राहणार नसेल, तरी दोरी बरी. पण फायबरची बोट, रोज एकच माणूस, आणि डब्यात जागा इतकी तंग की पाना फिरत नाही, अशी स्थिती असेल तर पैसे साठवून सीलकडे जा असंच मी सांगेन. काकांचं मत अजून दोरीकडेच आहे. सील ‘‘बेस हाये, पन फाटलं तं?’’ हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. भाता दर महिन्याला टॉर्चने घडी-घडीत बघायचं काम म्हणून त्यांच्याकडेच दिलं आहे.

काहीही घेतलंत तरी आधी इंजिनचं अलाइनमेंट बघून घ्या. कपलिंगचे दोन्ही चेहरे जवळ आणून मधे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवा. कपलिंग चार इंचाचं असेल तर कुठल्याही दोन बाजूंतला फरक चार थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हवा. इंजिनच्या खालचे रबर दबून गेलेले असतील तर नवी दोरी काही आठवड्यांत पुन्हा गळेल आणि सीलची चकती एका बाजूने झिजेल. ही तपासणी बोट पाण्यात तरंगत असतानाच करायची, काठावर ठेवलेल्या बोटीचा तळ थोडा वाकतो. आणि सील मागवताना फक्त शाफ्टचा व्यास सांगू नका, स्टर्न ट्यूबचा बाहेरचा व्यासही व्हर्निअरने मोजून कळवा, इंचात की मिलिमीटरमध्ये ते लिहून. भाता ट्यूबच्या मापाचा लागतो, रोटर शाफ्टच्या.